रास्पबेरी पाय ४ वरील रेट्रोपाय एसएसडीवरून सुरू करायचे आहे: ड्राइव्ह आणि अडॅप्टर कोणते घ्यावे?

मृण्मयी_घणसोली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

घणसोलीतील आमच्या सोसायटीत गणेशोत्सवात मुलांसाठी जुन्या व्हिडिओ गेमची स्पर्धा असते आणि तिची तांत्रिक बाजू माझ्याकडे आहे. रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक, म्हणजे चार जीबी रॅमचा बोर्ड, त्यावर रेट्रोपाय ४.८ ही जुने खेळ चालवणारी प्रणाली आणि हे सगळे ६४ जीबीच्या मायक्रोएसडी कार्डावर, अशी रचना आहे. खेळ बहुतेक एनईएस आणि मेगा ड्राइव्ह या जुन्या गेम यंत्रांचे असून थोडे पहिल्या प्लेस्टेशनचे आहेत. रिमोट सगळे वायरचेच आहेत.

पावसाळ्यात एकदा खेळ चालू असताना वीज गेली आणि तेव्हापासून एक विचित्र प्रकार सुरू झाला आहे. यंत्र नीट चालू होते, खेळही चालतात, परंतु बंद करून पुन्हा चालू केले की आदल्या दिवशीचे विक्रमी गुण नाहीसे झालेले असतात. नवीन गेम टाकला तर तो यादीत दिसतो आणि दुसऱ्या दिवशी तिथे नसतो. म्हणून आता कार्डाचा नाद सोडून सगळी प्रणाली एसएसडीवरून सुरू करावी, असे मनात आहे.

ड्राइव्ह आणि ती यूएसबीला जोडणारा अडॅप्टर मिळून तीन हजार रुपयांपर्यंत खर्च करता येईल. हा वर्गणीचा पैसा असल्यामुळे नवा बोर्ड किंवा नवे यंत्र घ्यायचे नाही. कार्ड पूर्णपणे काढून टाकता येते का, सध्याचे खेळ आणि जतन केलेली प्रगती नव्या ड्राइव्हवर कशी न्यावी आणि कोणता अडॅप्टर पाय ४ बरोबर त्रास देत नाही, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

पामबीच_रायडर

ताई, एवढा खटाटोप करणारच असाल, तर सरळ रास्पबेरी पाय ५ घ्या. त्यावर पीसीआय एक्सप्रेसची जोडणी दिलेली आहे, वर एक हॅट, म्हणजे जोडपाटी, बसवली की एनव्हीएमई ही वेगवान ड्राइव्ह थेट बोर्डाशी जोडली जाते आणि यूएसबी अडॅप्टरचा प्रश्नच उरत नाही. माझ्याकडे हीच जोडणी आहे. बटण दाबल्यावर पाणी पिऊन येईपर्यंत खेळांची यादी समोर आलेली असते. बूटच्या, म्हणजे यंत्र सुरू होण्याच्या, क्रमात एनव्हीएमई सर्वांत आधी ठेवले की कार्डाची खाच रिकामी राहिली तरी चालते.

बजेट थोडे वाढवा. सोसायटीत शंभर घरे असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला कितीसे येणार?

जुना_कॅसेटवाला (नौपाडा)

माझा अनुभव वेगळा आहे आणि मी तो स्पष्टपणे मांडतो. एनईएसचा पहिला सुपर मारिओ पूर्णपणे ४० किलोबाइटमध्ये बसतो. असा खेळ एकदा उघडला की तो संपूर्ण रॅममध्ये जातो, त्यानंतर त्याला कार्डाशी किंवा ड्राइव्हशी काही कर्तव्य उरत नाही. एसएसडी लावल्याने मारिओ उंच उडी मारणार नाही. ज्या खेळांसाठी तुम्ही हे करत आहात, त्यांच्यासाठी एक चांगले, बिलासह घेतलेले कार्ड पुरेसे आहे. ज्यावर सतत लेखन होते अशा सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी जी टिकाऊ कार्डे विकतात, त्यांपैकी एक घ्या आणि उरलेल्या पैशांतून जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही मिळवा. हे खेळ ज्या पडद्यासाठी बनले, त्या पडद्यावर ते दाखवले, तर मुलांना खरी मजा कळेल.

पाय ४ च्या साडेतीन मिलिमीटरच्या जॅकमधून जुन्या टीव्हीला चालणारे कॉम्पोझिट चित्र मिळते, फक्त कॉन्फिग फाइलमध्ये ते चालू करावे लागते. केबल घेताना मात्र काळजी घ्या. जॅकच्या सर्वांत आतल्या कड्यावर चित्राचा संकेत असतो, पण कॅमेऱ्याच्या काही केबलींत त्या जागी अर्थ जोडलेला असतो आणि मग पडद्यावर काहीच दिसत नाही. पाय ५ वर तर हा जॅकच काढून टाकला आहे, हे पामबीच यांनी सांगायला हवे होते.

कोलशेतकर

नमस्कार. पाय हा विषयच बाजूला ठेवा, असे माझे प्रामाणिक मत आहे. कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेले छोटे डेस्कटॉप, जे पुस्तकाएवढ्या डब्यात येतात, ते जुन्या बाजारात सहज मिळतात. त्यांत साटा एसएसडी आधीच बसवलेली असते. बाटोसेरा या रेट्रोपायसारख्याच प्रणालीची प्रतिमा, म्हणजे तिची तयार फाइल, त्या ड्राइव्हवर उतरवायची, बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करायचे आणि यंत्र सुरू करायचे. पहिल्या सुरुवातीतच ती प्रणाली उरलेली सगळी जागा खेळांसाठी घेते. प्लेस्टेशन २ चे खेळ पाय ४ वर चालवणे म्हणजे स्वतःची निराशा करून घेणे आहे, तेही अशा डब्यावर बऱ्यापैकी चालू शकतात. मी घोडबंदर रोडवरच्या घरी असाच डबा टीव्हीमागे चिकटवून ठेवला आहे आणि मला कार्ड, अडॅप्टर, फर्मवेअर यांपैकी कशाचीही आठवण येत नाही.

मृण्मयी_घणसोली (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. नवा बोर्ड किंवा नवे यंत्र घ्यायचे नाही, हे पुन्हा नम्रपणे सांगते. प्लेस्टेशन २ चे खेळ आमच्या स्पर्धेत नाहीत. सभागृहात भिंतीवरचा एलईडी टीव्ही आहे, त्यामुळे दुसरा टीव्हीही नको. एसएसडीबद्दल कोणी सांगू शकेल का?

नेरुळ_फर्मवेअर

मृण्मयीताई, आधी तुमच्या कार्डाला काय झाले आहे ते सांगतो, कारण त्यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. काही कार्डे आयुष्याच्या शेवटी स्वतःला कुलूप लावून घेतात, म्हणजे त्यांच्यावरचे वाचता येते पण नवीन काही लिहिले जात नाही. गंमत अशी की कार्ड तशी तक्रार करत नाही. लिहिलेली गोष्ट तोवर रॅममध्ये असते म्हणून ती दिसत राहते आणि यंत्र बंद होताच नाहीशी होते. तुम्ही सांगितलेली लक्षणे तंतोतंत हीच आहेत. चांगली बाजू अशी की आतला माल अजून शाबूत आहे, तो आजच बाहेर काढा. रेट्रोपाय त्याच वायफायवर असताना विंडोजच्या फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन रेट्रोपाय असे इंग्रजीत टंकले की त्याचे फोल्डर उघडतात. त्यांतील रॉम (खेळांच्या फाइली), बायोस (मूळ गेम यंत्रांच्या फाइली) आणि कॉन्फिगची (मांडणीची) फोल्डरे लॅपटॉपवर उतरवून घ्या. जतन केलेली प्रगती वेगळी शोधावी लागत नाही, मूळ मांडणीत ती खेळाच्या फाइलशेजारीच असते.

दुसरे म्हणजे या कार्डाची हुबेहूब नक्कल ड्राइव्हवर करू नका. खराब कार्डातला दोष नव्या ड्राइव्हवर कशाला न्यायचा, हे एक कारण आहे. दुसरे कारण असे की हुबेहूब नकलेत विभाजनांचे ओळखक्रमांकही तेच राहतात आणि कार्ड व ड्राइव्ह दोन्ही लावलेली असली, तर सुरुवात एकीवरून आणि पुढचे काम दुसऱ्यावरून, असा घोळ होऊ शकतो. रास्पबेरी पाय इमेजर या प्रोग्रॅममध्ये गेमच्या प्रणालींच्या यादीत रेट्रोपाय मिळते. पाय ४ साठीची प्रतिमा निवडा, कार्डाऐवजी एसएसडी निवडा, लिहून होऊ द्या आणि मग उतरवून ठेवलेला माल परत भरा.

तिसरे, बोर्डाचा बूटलोडर, म्हणजे बोर्ड सुरू करणारा प्रोग्रॅम. पाय ४ वर तो कार्डावर नसून बोर्डावरच्या एका छोट्या चिपमध्ये असतो आणि यूएसबीवरून सुरू होण्यासाठी तो सप्टेंबर २०२० किंवा त्यानंतरचा असावा लागतो. त्याच इमेजरमध्ये बूटलोडर अद्ययावत करण्याची प्रतिमा आहे, तिच्यात यूएसबी बूटचा पर्याय निवडून ती एखाद्या फालतू पण चालू कार्डावर लिहा. त्या कार्डावरून बोर्ड सुरू केला की काही क्षणांत टीव्हीचा संपूर्ण पडदा हिरवा होतो. तो हिरवा झाला म्हणजे काम झाले, कार्ड काढून टाका. यानंतर बोर्ड सुरू होताना आधी यूएसबीकडे पाहतो.

अडॅप्टरबद्दल रात्री लिहितो, तोच खरा नाजूक भाग आहे.

वर्तकनगर_राजेश

कॅसेटवाला काकांशी सहमत आहे, चांगले कार्ड घ्यावे. एसएसडीने मला फक्त मनस्ताप दिला. मी लॅमिंग्टन रोडवर गेलो होतो. ठाण्याहून जलद लोकल, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, एवढा प्रवास करून नवी कोरी ड्राइव्ह आणि शेजारच्या दुकानातून सर्वांत स्वस्त साटा अडॅप्टर आणला. घरी लावल्यावर खेळांची यादी सरकवताना पडदा अर्धा मिनिट गोठायचा आणि मग पुन्हा चालू व्हायचा. ड्राइव्ह लॅपटॉपला लावली तर उत्तम चालते, दुकानदार म्हणतो माल चांगला आहे, मग दोष कोणाचा? शेवटी मी ती ड्राइव्ह वडिलांच्या जुन्या लॅपटॉपमध्ये बसवली आणि कार्डावर परत आलो.

पामबीच_रायडर

म्हणूनच मी पाय ५ आणि एनव्हीएमई सुचवले होते.

नेरुळ_फर्मवेअर

राजेशदादा, तुमच्या ड्राइव्हचा किंवा दुकानदाराचा दोष नव्हता, अडॅप्टरमधल्या चिपचा होता. यूएसबी ३ वर साठवणुकीशी बोलण्याची एक नवी पद्धत आहे, तिला यूएएस म्हणतात. ती वेगवान आहे, पण काही अडॅप्टरांच्या चिपचे फर्मवेअर ती नीट पाळत नाही. अशा वेळी लिनक्स वाट पाहते, उत्तर येत नाही, मग ते उपकरणच नव्याने सुरू करते, आणि तेवढा वेळ पडदा गोठतो. जेमायक्रॉनच्या जेएमएस५६७ आणि जेएमएस५७८ या चिपच्या अनेक अडॅप्टरांबाबत पाय ४ वर अशा तक्रारी आल्या आहेत, तर एएसमीडियाची एएसएम११५३ई ही चिप साधारणपणे बिनतक्रार चालते. अडचण एवढीच की खोक्यावर चिपचे नाव क्वचितच असते, म्हणून दुकानात विचारूनच घ्यावे किंवा बदलून देण्याची अट घालून घ्यावे.

अडॅप्टर आधीच घेतला असेल, तरी उपाय आहे. यूएसबी उपकरणांची यादी दाखवणाऱ्या एलएसयूएसबी या आज्ञेतून त्याचे दोन चार-चार अंकी ओळखक्रमांक मिळतात. बूट विभाजनातील सीएमडीलाइन फाइलमध्ये, त्याच एका ओळीच्या सुरुवातीला, यूएसबी-स्टोरेजच्या क्वर्क्सची, म्हणजे अपवादांची, नोंद त्या क्रमांकांसह करून शेवटी यू हे अक्षर दिले की त्या उपकरणापुरते यूएएस बंद होते. ओळ तोडायची नाही, सगळे एकाच ओळीत राहिले पाहिजे. वेग कमी होतो हे खरे, पण या खेळांसाठी तो कमी झालेला वेगही भरपूर आहे, कारण पाय ४ ची कार्डाची खाच मुळात सेकंदाला ५० मेगाबाइटच्या पुढे जाऊच शकत नाही.

कॅसेटवाला काकांचे एक म्हणणे मला पूर्ण मान्य आहे की एसएसडीने खेळ वेगवान होत नाहीत. फायदा आहे तो प्रणाली लवकर सुरू होण्यात, शेकडो मुखपृष्ठचित्रे असलेली यादी पटापट सरकण्यात आणि मुख्य म्हणजे वारंवार लेखन सोसण्यात.

जुना_कॅसेटवाला (नौपाडा)

मान्य केल्याबद्दल आभार. तरी मी म्हणतो की मुलांच्या स्पर्धेसाठी बूटलोडर बदलणे, क्वर्क्स लिहिणे हे सगळे करण्यापेक्षा दोन कार्डे तयार ठेवावीत. एक बिघडले की दुसरे खाचेत घालावे, दोन मिनिटांत स्पर्धा पुन्हा सुरू होते. माझ्याकडे प्रत्येक प्रणालीचे जुळे कार्ड डबीत ठेवलेले असते.

खारघर_सर्किट

ड्राइव्हवर एवढी चर्चा झाली, पण विजेच्या पुरवठ्यावर कोणी बोलले नाही. पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअरच प्रवाह मिळतो. त्यात एसएसडी आणि दोन रिमोट लावले की फारशी शिल्लक राहत नाही. जर विजेचा अडॅप्टर पाच व्होल्ट तीन अँपिअरचा नसेल आणि मोबाइलची पातळ केबल वापरली असेल, तर पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते. ती दिसली की समजावे, बोर्डाला व्होल्टेज कमी पडते आहे, आणि अशा वेळी ड्राइव्ह मध्येच नाहीशी होणे अगदी शक्य आहे.

एसएसडी घेतली म्हणजे वीज गेली तरी काही होत नाही, हा समजही सोडून द्यावा. स्वस्त एसएसडीमध्ये वीज गेल्यावर काम पूर्ण करण्याइतका ऊर्जासाठा नसतो. लिनक्सची फाइलप्रणाली जर्नल, म्हणजे बदलांची आगाऊ नोंद, ठेवते म्हणून बहुतेक वेळा सावरते, पण हमी कोणी देऊ नये. मी यावर उपाय म्हणून पॉवर बँक मध्ये लावली होती. भिंतीवरची वीज जाताच ती बॅटरीवर येताना क्षणभर पुरवठा तोडते आणि बोर्ड पुन्हा सुरू होतो, म्हणजे नुकसान ते झालेच. राउटरचे छोटे यूपीएस बहुतेक बारा व्होल्टचे असते, तेही इथे उपयोगाचे नाही. सभागृहात संगणकाचे साधे यूपीएस असेल, तर बोर्डाचा मूळ अडॅप्टर आणि टीव्ही दोन्ही त्यावर लावा.

कोलशेतकर

जुना लॅपटॉप घेतला, तर यूपीएस वेगळे लागत नाही, बॅटरी आतच असते. बाटोसेरा त्यावरही चालते. एवढेच सुचवतो.

ऐरोली_स्नेहा

मृण्मयी, गुणांबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण आमच्याकडे भावंडांत यावरून भांडणे झाली आहेत. जे खेळ मूळ कॅसेटमध्ये बॅटरीवर प्रगती जपत असत, त्यांची नोंद रेट्रोआर्च, म्हणजे रेट्रोपायमधला खेळ चालवणारा प्रोग्रॅम, मूळ मांडणीत खेळातून बाहेर पडतानाच ड्राइव्हवर लिहिते. मुलाने तासभर खेळून विक्रम केला आणि मध्येच वीज गेली, तर एसएसडी असो वा कार्ड, तो विक्रम गेला. रेट्रोआर्चच्या सेव्हिंगच्या विभागात ठरावीक सेकंदांनी ही नोंद आपोआप लिहिण्याचा पर्याय आहे, तो बंद असतो, तो चालू कर. आम्ही दहा सेकंद ठेवले आहेत. आवडत्या खेळांच्या खुणाही मेनूमधून रीतसर बंद केल्यावरच लिहिल्या जातात, म्हणून मुलांना थेट बटण बंद करू देऊ नकोस.

ज्या खेळांत मूळ कॅसेटमध्येच गुण जपण्याची सोय नव्हती, त्यांचे गुण यामुळे राहणार नाहीत. त्यासाठी वहीत लिहिणे किंवा सेव्ह स्टेट घेणे, म्हणजे खेळाची त्या क्षणाची स्थिती जतन करणे, एवढेच हातात आहे.

मृण्मयी_घणसोली (धागाकर्ती)

स्नेहा, ही माहिती फारच मोलाची आहे, हा पर्याय मला ठाऊकच नव्हता. नेरुळ आणि खारघर यांचेही मनापासून आभार. सगळा माल लॅपटॉपवर उतरवून घेतला आहे आणि पडदा हिरवा झालेलाही पाहिला.

आता खरेदीचा निर्णय. अडीच इंची ड्राइव्ह आणि केबलचा अडॅप्टर यांऐवजी मी पेन ड्राइव्हच्या आकाराची, थेट पोर्टात बसणारी एसएसडी घेण्याच्या विचारात आहे. २५६ जीबीची एक बिल आणि वॉरंटीसह बजेटमध्ये बसते.

नेरुळ_फर्मवेअर

ताई, हे मात्र करू नका, असे सांगेन. त्या काडीसारख्या ड्राइव्हमध्ये सगळी चिप एका बोटभर डबीत कोंबलेली असते, उष्णता बाहेर जायला जागा नसते आणि सलग लिहिताना ती हाताला चटका बसेल इतकी तापते. तापली की वेग घसरतो. आत कोणती चिप आहे, हेही उघडून पाहता येत नाही. शिवाय यूएसबी ३ च्या पोर्टाजवळ २.४ गिगाहर्ट्झची ढवळाढवळ होते, त्यामुळे बोर्डाला चिकटून असलेली ड्राइव्ह वायफायला आणि ब्लूटूथच्या रिमोटला त्रास देऊ शकते. एएसमीडिया चिपचा अडॅप्टर आणि साधी अडीच इंची ड्राइव्ह हाच भरवशाचा मार्ग आहे.

वर्तकनगर_राजेश

असल्याच आकाराच्या नकली ड्राइव्ह बाजारात फार आहेत. दोन टीबी लिहिलेले असते आणि आत जेमतेम ३२ जीबी निघते. मी तर म्हणतो, कार्डच घ्या.

पामबीच_रायडर

हाच पैसा पाय ५ मध्ये घातला असता, तर ही चर्चाच झाली नसती. हॅटवर बसवलेली ड्राइव्ह स्क्रूने घट्ट असते, तिला कोणी ओढू शकत नाही.

खारघर_सर्किट

पामबीच, पाय ५ ला यूएसबीवर पूर्ण प्रवाह द्यायला पाच व्होल्ट पाच अँपिअरचा अडॅप्टर लागतो आणि लॅपटॉपचा ६५ वॉटचा चार्जर असला, तरी तो पाच व्होल्टला सहसा तीनच अँपिअर देतो. रेट्रोपाय ४.८ ची तयार प्रतिमाही पाय ५ साठी नाही, ती रास्पबेरी पाय ओएसवर हाताने बसवावी लागते किंवा बाटोसेरा, रिकॉलबॉक्स यांकडे जावे लागते. त्यांनी नको म्हटलेले आहे, तर तो विषय आता थांबवावा.

मृण्मयी_घणसोली (धागाकर्ती)

सर्वांचे ऐकले आणि तरीही काडीची एसएसडीच घेतली. माझे कारण असे आहे. आमच्या सभागृहात सहा ते बारा वर्षांची मुले सतरंजीवर बसतात, टेबलाभोवती घोळका करतात आणि रिमोटच्या वायरी ओढत असतात. अडीच इंची ड्राइव्ह वितभर केबलीवर लोंबकळत ठेवली, तर पहिल्याच संध्याकाळी ती निसटेल आणि चालू प्रणालीखालून ड्राइव्ह निघाली, तर चिप कितीही चांगली असली तरी उपयोग नाही. काडी थेट निळ्या पोर्टात बसते आणि बोर्ड, काडी दोन्ही मी एका झडपेच्या डब्यात बंद केली आहेत. डब्याला मागून भोके आहेत. आमचे रिमोट वायरचे असल्याने ब्लूटूथचा प्रश्न नाही आणि स्पर्धेच्या वेळी वायफाय लागत नाही.

खरेदीनंतर आधी पूर्ण जागा भरून पडताळणी केली, २५६ जीबी खरी निघाली. त्या भरतीच्या वेळी ती खरोखरच फार तापली, हे नेरुळ यांचे म्हणणे बरोबर आहे. खेळताना मात्र ती कोमट असते, कारण खेळ उघडल्यावर तिला काही कामच उरत नाही. कार्डाची खाच रिकामी आहे, यादी न अडखळता सरकते आणि बंद करून चालू केल्यावर गुण जागच्या जागी राहतात. पिवळी वीज एकदाही दिसलेली नाही. यूपीएस सोसायटीच्या कार्यालयातून मागून घेणार आहे.

जुना_कॅसेटवाला (नौपाडा)

निर्णय तुमचा आहे, शुभेच्छा. जुळे कार्ड मात्र तयार ठेवाच.

नेरुळ_फर्मवेअर

केबल ओढली जाण्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, तो योग्य आहे. तरी काडीबद्दलचे माझे मत कायम आहे, म्हणून एवढे करा. काकांचे जुळे कार्ड इथे उपयोगी पडेल. त्यावर रेट्रोपाय, तेच खेळ आणि तीच कॉन्फिगची फोल्डरे भरा, पण ते खाचेत ठेवू नका, कारण एसएसडी वेळेवर सापडली नाही, तर बोर्ड तुमच्या नकळत कार्डावरून सुरू होईल. रोज स्पर्धा संपल्यावर मेनूमधून यंत्र बंद करण्याआधी रॉमचे फोल्डर लॅपटॉपवर उतरवून घ्या, म्हणजे त्या दिवसाची प्रगती हाताशी राहील. डब्याचे झाकण फेऱ्यांच्या मध्यंतरात उघडे ठेवा.